कंसाविना फॅब्रिसियस आणि माझा परत आलेला पेपर

आईशी फोनवर बोलताना मी सहज म्हटलं, "पेपर परत आला." पलीकडे एकदम शांतता. मग दबक्या आवाजात, "नापास झाली काय वं? पण तुझं शिक्षण तर संपलं ना?" आईच्या हिशोबात पेपर दोनच. एक तीन तासांचा आणि एक सकाळी दारात पडतो तो. हा तिसरा पेपर, जो स्वतःच लिहायचा, स्वतःच पाठवायचा, महिनोन्‌महिने वाट बघायची आणि छापून आला तरी कोणी रुपया देत नाही, उलट कधीकधी आपल्यालाच मागतात, तो तिला समजावता समजावता माझाच राग उतरला. म्हटलं इथेच लिहून टाकू सगळं, कोणी झूलॉजीवाला पहिल्यांदा मॅन्युस्क्रिप्ट पाठवून राहिला असेल तर त्याचा थोडा वेळ वाचेल.

आधी काम काय होतं ते. मी चतुर आणि टाचण्या बघते. चतुर म्हणजे ड्रॅगनफ्लाय, बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो, आणि टाचणी म्हणजे डॅमसेलफ्लाय, बारीक, बहुतेक पंख मिटून बसणारी. दोन्ही ओडोनेटा या गणातले, हे नाव फॅब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९३ मध्ये दिलं, दातांवरून. भारतात दोन्ही मिळून जवळपास पाचशे जाती आहेत आणि नागपूरच्या तलावांवर त्यातल्या कोणत्या आहेत याची यादी करायची एवढाच माझा मामला. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव आणि गोरेवाडा, तेही परवानगी मिळाली तेवढंच. दोन वर्षं, दर पंधरा दिवसांनी, सकाळी सात ते अकरा, कारण त्यानंतर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला जायचं असतं आणि मे महिन्यात अकरानंतर तलावावर मीच टाचणी होऊन वाळले असते.

यादी तयार झाली. आता पाठवायची कुठे?

नवीन लोक इथे पहिला गोता खातात. तुमचा ईमेल एकदा कुठे छापून आला की रोज पत्रं येतात, "परम आदरणीय प्रोफेसर, तुमच्या थोर संशोधनाने आम्ही प्रभावित झालो, तीन दिवसांत प्रकाशित करू." मला एकदा असं पत्र दंतचिकित्सेच्या जर्नलकडून आलं होतं. आता ओडोनेटा म्हणजे दात हे खरं, पण म्हणून एवढं? पूर्वी जेफ्री बील नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाची यादी होती अशा फसव्या जर्नल्सची, ती २०१७ मध्ये बंद झाली. मग यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे चांगल्या जर्नल्सची सरकारी यादी, आली २०१९ मध्ये आणि तीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, आता म्हणतात निकष बघा आणि तुमचं तुम्हीच ठरवा. बरं, २०२२ च्या नियमांनंतर पीएचडीसाठी पेपर सक्तीचा राहिला नाही, पण इंटरव्ह्यूला गेलं की पहिला प्रश्न तोच असतो, किती पेपर आणि इम्पॅक्ट फॅक्टर किती, म्हणजे त्या जर्नलमधल्या पेपरांचे संदर्भ लोक सरासरी किती देतात तो आकडा.

इम्पॅक्ट फॅक्टरचं तर आमच्या विषयात वेगळंच त्रांगडं आहे. झूटॅक्सा हे २००१ मध्ये सुरू झालेलं न्यूझीलंडचं जर्नल, प्राणी वर्गीकरणाचं जगातलं सगळ्यात मोठं म्हणा. २०२० मध्ये त्याला इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून काढलं, कारण काय तर स्वतःच्याच जुन्या पेपरांचे संदर्भ फार देतात. अरे बाप्पा, नवीन जातींची वर्णनंच त्याच जर्नलमध्ये छापून आली असतील तर संदर्भ कोणाचा देणार? जगभरच्या वर्गीकरणवाल्यांनी आरडाओरडा केला आणि काही आठवड्यांत ते परत यादीत आलं. माझी यादी काही तिथे जाणार नव्हती, एका शहराच्या चार तलावांची चेकलिस्ट म्हणजे आपली औकात आपल्याला माहीत असावी. तरी उत्साहात एका मोठ्या जर्नलला पाठवली. चार दिवसांत परत. डेस्क रिजेक्ट, म्हणजे रिव्ह्यूअरपर्यंत, त्या विषयातल्या तपासणाऱ्या जाणकारांपर्यंत, गेलीच नाही, एडिटरने टेबलावरूनच परत केली. कारण दीड ओळीचं: विषय स्थानिक आहे. हे त्यांच्या मुखपृष्ठामागच्या स्कोपमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. ते परत येणं मी मोजतच नाही, चूक माझी.

दुसरं जर्नल नीट बघून निवडलं. त्यांच्या मागच्या दोन वर्षांतल्या अंकांमध्ये आपल्यासारखं काम छापलंय का हे पाहिलं, एडिटर लोक खरंच त्या विषयात काम करणारे आहेत का ते शोधलं. आणि लेखकांसाठीच्या सूचनांची प्रिंट काढून भिंतीवर चिकटवली. तरी परत आला, कारण प्रिंट चिकटवली म्हणजे वाचली असं होत नाही.

ती टेक्निकल चेकची मेल मी जपून ठेवली आहे. ओळींना नंबर नाहीत. टेबल चित्र म्हणून चिकटवलंय. फोटो वर्ड फाइलमध्येच आहेत, ३०० डीपीआयच्या वेगळ्या फाइल पाहिजेत. दोन फोटोंवर स्केल बार नाही. नकाशात भारताची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाप्रमाणे नाही. हे शेवटचं वाचून मी घाबरलेच, कारण नकाशा मी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवला होता आणि कोपऱ्यात छोटासा भारत दाखवायला नेटवरून मिळाली ती शेपफाइल, म्हणजे सीमांची तयार फाइल, टाकली होती, त्यात वरती काश्मीरपाशी तुटक रेघा होत्या. नखाएवढ्या भारतात कोण बघतो असं वाटलं होतं. बघतात. आपल्याकडची जर्नल्स तर नक्कीच बघतात आणि बघायलाच पाहिजे.

मग सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे आपला मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो ते. कॉलेजमधून सॉफ्टवेअरवर टाकून घेतला तर ३१ टक्के! मी एक वाक्य कुठून उचललं नव्हतं. उघडून बघते तर लाल काय होतं? जातींची नावं. पुढे लेखकाचं नाव, पुढे साल. साहजिकच आहे, पँटाला फ्लेवेसेन्स हे नाव जगात सगळीकडे पँटाला फ्लेवेसेन्सच लिहिणार. पण रिपोर्ट देणाऱ्या सरांचं म्हणणं की दहाच्या खाली आणा. म्हटलं सर, नावं बदलून लिहू काय, कुलकर्णीचा देशमुख करू? शेवटी टेबल वगळून रिपोर्ट काढला तर सहा टक्के आला.

आता मुख्य गोष्ट, कंसाची.

प्राण्याच्या शास्त्रीय नावापुढे ज्याने ती जात पहिल्यांदा वर्णन केली त्याचं नाव आणि साल लिहितात. हे सगळ्यांना माहीत असतं. कधी ते कंसात असतं, कधी नसतं, आणि मला एमएस्सी होऊन, नेट देऊन, चार वर्षं मुलांना शिकवूनसुद्धा प्रामाणिकपणे असं वाटत होतं की ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट आहे. कोणाला कंस आवडतो, कोणाला नाही. मी टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून सगळे कंस काढून टाकले. एक्सेलमध्ये, फाइंड अँड रिप्लेस, दोन सेकंदांत. काय समाधान वाटलं होतं!

नियम असा आहे. ज्याने जात वर्णन केली त्याने ती ज्या प्रजातीत म्हणजे जीनसमध्ये ठेवली होती, तिथेच ती आजही असेल तर कंस नाही. नंतर कोणी तिला दुसऱ्या जीनसमध्ये हलवलं असेल तर मूळ लेखकाचं नाव कंसात जातं. पावसाळा संपता संपता मैदानांवर झुंडीने उडतो तो आपला पिवळट चतुर, पँटाला फ्लेवेसेन्स, तोच जो समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातो असं मानतात, त्याला फॅब्रिसियसने १७९८ मध्ये नाव दिलं तेव्हा लिबेल्युला या जीनसमध्ये ठेवलं होतं. पँटाला हा जीनस हॅगनने १८६१ मध्ये काढला. म्हणून (फॅब्रिसियस, १७९८), कंसासकट. उलट असिसोमा पॅनोर्पॉइडिस बघा, रॅम्बरने १८४२ मध्ये जात पण वर्णन केली आणि तो जीनस पण त्याच वेळी त्यानेच केला, आजही तिथेच आहे, म्हणून रॅम्बर, १८४२, कंस नाही. म्हणजे तो कंस सांगतो की या पोरीचं लग्न होऊन आडनाव बदललंय, माहेरचं शोधायचं असेल तर जुन्या आडनावाने शोधा. झूलॉजीच्या नामकरणाच्या कोडमध्ये कलम ५१ मध्ये हे स्पष्ट दिलेलं आहे, चौथी आवृत्ती २००० च्या १ जानेवारीपासून लागू आहे, म्हणजे मी शाळेत होते तेव्हापासून.

बरं, कंस काढले एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. मला प्रत्येक ओळीत लेखकाचं नाव टाइप करायचा कंटाळा, म्हणून मी टेबल लेखकाच्या नावाने सॉर्ट केलं, पहिल्या ओळीत रॅम्बर, १८४२ लिहिलं आणि कोपरा धरून खाली ओढलं. एक्सेल हुशार. शेवटी आकडा दिसला की तो वाढवत जातो. कंस असता तर शेवटी आकडा नसता, कंस असता, आणि एक्सेलने मुकाट्याने तेच तेच छापलं असतं. माझ्याकडे कंसच नव्हते. त्यामुळे रॅम्बर, १८४२. रॅम्बर, १८४३. रॅम्बर, १८४४. रॅम्बर, १८४५. माझ्या टेबलाप्रमाणे हा फ्रेंच माणूस दरवर्षी नेमाने एक जात शोधून काढत होता, वार्षिक वर्गणी भरल्यासारखी. परत जातीच्या नावाने सॉर्ट केल्यावर ते सगळं टेबलभर विखुरलं आणि दिसेनासं झालं. मला दिसलं नाही, माझ्या सरांना दिसलं नाही, सहलेखकाला दिसलं नाही. रिव्ह्यूअर दोनला दिसलं.

रिव्ह्यूअर दोन म्हणजे खलनायक हे रिसर्चवाल्यांचे विनोद तुम्ही ऐकले असतील. माझ्या नशिबी उलटं होतं. रिव्ह्यूअर एकने दोन ओळी लिहिल्या, काम चांगलं आहे, इंग्रजी सुधारा. आठ महिने त्याच्यासाठी! रिव्ह्यूअर दोनने साडेचार पानं. एकेका ओळीचा नंबर देऊन. तेव्हा कळलं ओळींना नंबर कशाला मागतात. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये ४३ जाती, टेबलमध्ये ४२, डिस्कशनमध्ये ४४, लेखकांनी कृपया मोजून घ्यावे. "कृपया" वाचून मला जास्त लागलं. फ्रेझरच्या फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या पुस्तकाचे तीन खंड संदर्भात दिलेत पण तिन्हींचं साल १९३३ कसं? बरोबर होतं त्याचं, १९३३, १९३४ आणि १९३६ पाहिजे. आणि मग सोळाव्या मुद्द्यात, अगदी शांतपणे: लेखकांनी इश्नुरा ऑरोरा नोंदवली आहे. भारतातली ही टाचणी आता इश्नुरा रुबिलिओ मानली जाते. लेखकांनी नराची शेपटीकडची उपांगं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आहेत का? तपासली असल्यास व्हाउचर नमुन्याचा, म्हणजे पुरावा म्हणून जपून ठेवलेल्या नमुन्याचा, क्रमांक द्यावा.

इथे मला सप्टेंबर २०२३ सांगावा लागेल.

मी तेव्हा अंबाझरीच्या खालच्या बाजूला नाग नदीजवळच्या एका लेआउटमध्ये तळमजल्यावर भाड्याने राहत होते. २२ तारखेला घरमालकीण काकूंकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं, मी पण वर जाऊन पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या असं पोट फुटेस्तोवर जेवून खाली येऊन झोपले. मध्यरात्रीनंतर जो पाऊस लागला तो नागपूरकरांना सांगायला नको. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि पहाटे मला जाग आली ती पलंगाखालून काहीतरी बुडबुड आवाज येत होता म्हणून. पाय खाली टाकला तर गुडघ्यापर्यंत पाणी. माझे नमुन्यांचे दोन डबे पलंगाखाली होते. टाचण्या अ‍ॅसिटोनमध्ये ठेवून, सुकवून, त्रिकोणी कागदी पाकिटांमध्ये, प्रत्येक पाकिटावर जागा, तारीख, कोणी पकडली. एक डबा तरंगत दाराकडे चालला होता आणि बाजूने डांबरगोळ्या. हसू येतंय आता लिहिताना, तेव्हा मी अंधारात रडत रडत डांबरगोळ्या गोळा करून राहिली होती, कशासाठी ते मलाही माहीत नाही.

आमच्यापेक्षा वाईट कितीतरी लोकांचं झालं त्या रात्री, कोणाची दुकानं, कोणाची घरं, त्यामुळे किड्यांच्या पाकिटांचं दुःख कोणाला सांगायची सोय नव्हती. काकूंनी मात्र काही विचारलं नाही. लाइट आल्यावर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, मुलीचं हेअर ड्रायर आणलं, आणि आम्ही दोघी दोन दिवस पाकिटं वाळवत बसलो. महालक्ष्म्यांचे मुखवटे अजून डब्यात जायचे होते, ते आमच्याकडे बघत होते. काकू एकेक पाकीट उचलून म्हणायच्या, "हिचं नाव काय गं?" आणि मी पाकीट वाचायला घ्यायची तर शाई सगळी निळा ढग झालेली.

सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, लेबल पेन्सिलने लिही. मी पहिले दोन-तीन महिने लिहिलं. नंतर पेन्सिल बोथट होते, अक्षर चांगलं दिसत नाही, जेल पेन किती छान चालतं, म्हणून पेनने. पेन्सिलवाली सगळी लेबलं वाचता आली. एकूण एक. जेल पेनवाल्या पाकिटांमध्ये आत टाचणी शाबूत, पंखांच्या शिरा मोजता येतील इतकी, पण ती कुठली, कधीची, काही नाही. ज्याची जागा आणि तारीख माहीत नाही असा नमुना म्हणजे नुसता मेलेला किडा. माझ्या इश्नुरा सगळ्या त्या जेल पेनवाल्या पाकिटांमधल्या होत्या. फोटो होते, पण दीड इंचाहून लहान जिवाचे मोबाइलवर काढलेले फोटो, हिरवी छाती, पिवळं पोट, शेवटी निळा ठिपका. उपांगं त्यात कुठून दिसणार.

तर सोळाव्या मुद्द्याला उत्तर दोन प्रकारे देता येत होतं. एक, "आम्ही सहमत आहोत, नाव बदललं आहे," आणि पुढे. एका सिनिअरने हेच सांगितलं, अबे कोण बघायला येऊन राहिलं तुझी पाकिटं. दुसरं म्हणजे परत जाऊन पकडणं. मी दोन दिवस पहिल्या उत्तराच्या बाजूने होते, खोटं कशाला बोलू. ड्राफ्टही लिहिला. पण त्या माणसाने, बाई असेल तर बाईने, माझ्या टेबलातल्या रॅम्बरचं एकेक साल तपासलं होतं, फुकट, नाव न सांगता. त्याला "सहमत आहोत" लिहायला बोटं चालेनात. एडिटरला मुदत वाढवून मागितली, त्यांनी दोन ओळींत लगेच दिली. इतकी वर्षं मला वाटायचं मुदत मागितली की पेपर फेकून देतात.

सोनेगाव तलावाच्या काठाला बेशरमची झुडपं आहेत आणि त्यांच्या बुडाशी गवत. इश्नुरा तिथे गवतात गुडघ्याच्या खाली खाली उडते, जाळं मारलं की गवतच हातात येतं. त्याच बेशरमवर कोरोमंडल मार्श डार्टच्या पिवळ्या टाचण्या ढिगाने, म्हणजे (फॅब्रिसियस, १७९८), कंसात, आता झोपेतही चुकत नाही. तीन सकाळी गेल्या. फिरायला येणारे एक काका रोज विचारायचे, "मिळाली का हो?" जशी माझी अंगठी पडली होती. चौथ्या सकाळी चार नर मिळाले. लेबल, तलावाच्या काठावरच बसून, एचबी पेन्सिल. कॉलेजच्या स्टिरिओझूमखाली उपांगं बघितली, वर्णनाशी ताडली. रुबिलिओ. आणि गंमत बघा, हिच्या नावापुढे कंस नाही, सेलिस, १८७६. त्याने इश्नुरामध्येच वर्णन केलेली, पोरगी माहेरीच. ऑरोराला मात्र कंस, (ब्राउअर, १८६५). म्हणजे मी नुसतं नाव बदलून मोकळी झाले असते तर कंसाचं परत काहीतरी चुकवलंच असतं.

रिव्ह्यूअरला द्यायचं उत्तर कसं लिहायचं तेवढं सांगते. त्याचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा चिकटवायचा, खाली आपलं उत्तर, आणि नवीन फाइलमधला ओळ नंबर. वाद घालायचा असेल तर एकाच मुद्द्यावर घाला आणि पुरावा देऊन. मी एक मुद्दा मानला नाही, त्याला एक नोंद संशयास्पद वाटत होती, तिचं पेन्सिलवालं पाकीट माझ्याकडे होतं, फोटो जोडला, त्याने मान्य केलं. जाती शेवटी ४२. मी मोजल्या, सरांनी मोजल्या, काकूंच्या मुलीने पण मोजल्या.

स्वीकारल्याची मेल रात्री आली, आईला फोन केला, "पेपर पास झाला" असंच सांगितलं, तिला तेच बरं वाटतं. काकूंचं नाव आभारात आहे, नमुने वाळवण्यास मदत.

गेल्या आठवड्यात प्रूफ आलं, म्हणजे छापण्याआधी शेवटचं तपासायची प्रत. ४८ तासांत तपासून द्यायचं, सोबत टाइपसेटरच्या शंका. एकूण सात होत्या, बहुतेक स्वल्पविरामाच्या. शेवटची अशी होती: मजकुरात "बेशरम" असा शब्द दोनदा आला आहे, हे सहलेखकाचं नाव आहे का, असल्यास लेखकांच्या यादीत का नाही? उत्तर लिहिलं, नाही, झुडूप आहे, तलावाकाठी असतं, शास्त्रीय नाव कंसात जोडते आहे. सबमिट.